शिमल्याचा बर्फ आणि शिरूरच्या गारा

माघ सरत आला की आमच्याकडे शिरूर कासारच्या बाजारात एक प्रश्न हमखास कानावर येतो. आदल्या रात्री टीव्हीवर शिमल्याचे नाहीतर गुलमर्गचे चित्र दाखवलेले असते. छपरे पांढरी झालेली, रस्ते बंद पडलेले आणि हौशी पर्यटक एकमेकांना बर्फाचे गोळे मारताहेत. ते पाहून ज्याची ज्वारी अजून रानात उभी आहे असा माणूस विचारतो, "तिकडं एवढा बर्फ पडलाय, आता आपल्याकडं काय व्हायचं?" शिरूर ते शिमला हे अंतर सरळ रेषेत मोजले तरी तेराशे-चौदाशे किलोमीटर भरेल. सिंदफणेच्या काठच्या माणसाने हिमालयातल्या बर्फाची धास्ती घ्यावी, याचे शहरातल्या लोकांना हसू येते. मला येत नाही. प्रश्न विचारणाऱ्याने आपल्या अनुभवावरून एक खरा धागा पकडलेला असतो. फक्त तो धागा कुठून कुठे जातो, हे त्याला कोणी नीट सांगितलेले नसते.

थंडीच्या दिवसांत उत्तर भारतात जो पाऊस-बर्फ पडतो, तो आपल्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा नव्हे. तो पश्चिमेकडून येतो. भूमध्य समुद्र, काळा समुद्र, कास्पियन समुद्र या पट्ट्यात हवेची घुसळण होऊन कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात आणि इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असा प्रवास करीत पूर्वेकडे सरकत येतात. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा अतिशय वेगवान वाऱ्याचा एक झोत असतो. ही वादळे त्या झोताच्या आधाराने चालतात, नदीच्या धारेत पडलेला ओंडका वाहत जावा तशी. हवामान खाते त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणते, वर्तमानपत्रांत कधी पश्चिमी चक्रावात असे छापून येते. हिवाळ्यात महिन्याला अशी चार-सहा तरी वादळे येतात. काही नुसतेच ढग दाखवून जातात. एखादे मात्र जोरदार निघते आणि हिमालयाच्या भिंतीला धडकून दोन-तीन दिवस मुक्काम ठोकते. ओली हवा डोंगरावर चढते, चढताना निवते आणि निवता निवता आपल्याजवळचे पाणी टाकून देते.

आता हे पाणी बर्फ होऊन पडणार की पाऊस होऊन, हे ठरवते कोण? इथेच सगळी मेख आहे. हवेत आपण जसजसे वर जाऊ तसतशी ती थंड होत जाते. दर किलोमीटरला साधारण सहा ते आठ अंश, असा ढोबळ हिशोब धरा. म्हणजे आकाशात कुठेतरी एक उंची अशी असणारच, की जिच्यावर तापमान शून्याखाली आणि जिच्याखाली शून्याच्या वर. मी तिला गोठणरेषा म्हणतो. ढगात वरच्या थरांत पाणी बर्फाच्या कणांच्या रूपातच असते. ते कण खाली पडू लागले आणि गोठणरेषा ओलांडण्यापूर्वीच जमीन आली, तर हिमवृष्टी. जमीन रेषेच्या बरीच खाली असली, तर वाटेत ते वितळतात आणि पाऊस पडतो.

श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटरवर आहे. तिथून पन्नासेक किलोमीटरवरचे गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर. गोठणरेषा समजा २,२०० मीटरवर असली, तर एकाच ढगातून, एकाच वेळी गुलमर्गला बर्फ आणि श्रीनगरला पाऊस पडेल. जानेवारीत ही रेषा इतकी खाली उतरते की सगळे खोरेच पांढरे होते. काश्मिरी लोक डिसेंबरच्या २१ तारखेपासूनच्या चाळीस दिवसांना चिल्लई कलान म्हणतात, म्हणजे मोठी थंडी. त्या काळातला बर्फ कोरडा, भुरभुरीत असतो आणि डोंगरावर टिकून राहतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन चढू लागते, गोठणरेषा वर सरकते, आणि मग डोंगरावर जबर बर्फ व खोऱ्यात धो धो पाऊस असा प्रकार सुरू होतो. हा उशिराचा बर्फ ओला आणि जड असतो. त्याने झाडांच्या फांद्या मोडतात, विजेच्या तारा तुटतात, उतारावरचे थर सुटून कडे कोसळावेत तसे खाली येतात. आणि खोऱ्यातला पाऊस तर थांबतच नाही, सरळ नदीत उतरतो. मार्च २०१५ च्या अखेरीस झेलमचे पाणी असेच चढले होते आणि बडगाम जिल्ह्यात दरड कोसळून माणसांसकट घरे गाडली गेली होती. आदल्याच सप्टेंबरातल्या महापुरातून श्रीनगर अजून सावरतही नव्हते.

इथे भाषेची एक गंमत सांगतो. आपल्या मराठीत आकाशातून कापसासारखा पडतो तोही बर्फ आणि रसवंतीवाला फोडून ग्लासात टाकतो तोही बर्फच. काश्मिरीत पडणाऱ्या बर्फाला शीन असा वेगळा शब्द आहे. आपल्याला तो लागलाच नाही, कारण तो आपल्यावर कधी पडला नाही. आपल्याला गार हा शब्द लागला, आणि तो आपल्याकडे गारठ्याशीही नाते ठेवून आहे. पण गार म्हणजे लहान आकाराचा हिमालयी बर्फ नव्हे. दोन्हींची घडण वेगळी आहे आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने तर जमीन-अस्मानाचा फरक आहे.

शिरूर कासार पाचशे-सहाशे मीटर उंचीवर वसलेले. सभोवारच्या बालाघाटच्या रांगा त्याहून थोड्या उंच, तरी हजार मीटरच्या आतल्याच. फेब्रुवारीच्या दुपारी जमिनीलगत तापमान बत्तीस अंश असले, तर आमच्या डोक्यावर गोठणरेषा चार-साडेचार किलोमीटर उंचीवर असते. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटरचे. त्याच्याही माथ्यावर ही रेषा अडीच-तीन किलोमीटर अधांतरी राहते. त्यामुळे नुसता हिमकण आमच्यापर्यंत शाबूत पोहोचणे शक्यच नाही. तो कधीच वितळून जातो. चार किलोमीटरची ऊबदार हवा कापून जमिनीपर्यंत पोहोचायचे, तर बर्फाचा तुकडा मोठा, घट्ट आणि वेगवान हवा. असा तुकडा तयार करणारा कारखाना म्हणजे वळवाच्या जातीचा उंच ढग.

या कारखान्याला दोन गोष्टी एकदम लागतात. खाली तापलेली जमीन आणि वर कडक थंडी. भर हिवाळ्यात वर थंडी असते, पण जमीन तापलेली नसते. पावसाळ्यात हवा दमट असते, ढगही भरपूर असतात, पण गोठणरेषा पाच-साडेपाच किलोमीटरवर गेलेली असते आणि ढगातले उफाळेही तुलनेने सौम्य असतात. म्हणून आषाढ-श्रावणात कितीही कोसळले तरी गारा सहसा पडत नाहीत. हिवाळा आणि उन्हाळा यांच्या सांध्यावर मात्र दोन्ही गोष्टी जुळतात. दुपारी रान तापते, तापलेली हवा वर उसळते, आणि वर तिला पश्चिमी विक्षोभाबरोबर खाली दक्षिणेकडे घुसलेली थंड हवा भेटते. खालून उकळी आणि वरून गारवा अशी अवस्था झाली की हवा तुफान वेगाने वर जाते.

त्या उफाळ्यात पाण्याचे थेंब गोठणरेषेच्या वर फेकले जातात. गंमत अशी की शून्याच्या खाली गेले म्हणून ते लगेच गोठत नाहीत. बारीक थेंब उणे वीस अंशापर्यंत आणि त्याहूनही खाली पाणीच राहू शकतात. पण एखाद्या बर्फाच्या कणाला त्यांचा स्पर्श झाला की त्याच क्षणी ते त्याला चिकटून गोठतात. कण असा लेप चढवीत चढवीत वाढतो. उफाळा त्याला खाली पडू देत नाही, वरच्यावर झेलत राहतो. गार मधोमध कापून पाहिली तर कांद्यासारखे पापुद्रे दिसतात, एक दुधी, एक काचेसारखा. शेवटी तिचे वजन उफाळ्याला पेलेनासे झाले की ती सुटते. बोराएवढ्या, म्हणजे दोनेक सेंटिमीटरच्या गारेचा जमिनीवर येतानाचा वेग ताशी साठ-सत्तर किलोमीटरच्या घरात असतो. लहान गारा वाटेत वितळून पाणी होतात. अवकाळीचे ते टपोरे, गारढोण थेंब म्हणजे बऱ्याचदा वितळलेल्या गाराच असतात.

मग शिमल्यात बर्फ म्हणजे शिरूरला गारा, हा हिशोब बरोबर का? निम्मा बरोबर. हिवाळ्यातली बहुतेक वादळे हिमालयातून परस्पर पूर्वेला निघून जातात आणि आपल्याकडे त्यांचा पत्ता लागतो तो फक्त थंडीने. वादळ पुढे सरकले की त्याच्या पाठीमागून उत्तरेचे कोरडे वारे सुटतात, बीड-परभणीचा पारा झर्रकन उतरतो आणि गहू-हरभऱ्याला ती थंडी मानवतेसुद्धा. गारपिटीसाठी आणखी दोन गोष्टी जुळाव्या लागतात. एक, त्या वादळाची शेपटी, म्हणजे वरच्या वाऱ्यांतला तो लांबट खळगा, मध्य भारतापर्यंत खाली यावा लागतो. दुसरी, बंगालच्या उपसागरावरून आणि अरबी समुद्रावरून दमट वारे नेमके त्याच वेळी महाराष्ट्रावर यावे लागतात. उत्तरेचे कोरडे वारे आणि हे ओले वारे ज्या पट्ट्यात भेटतात, तो पट्टा पुष्कळदा मराठवाडा-विदर्भावरून जातो. आमचे दुर्दैव म्हणा, पण भूगोल तसा आहे खरा.

२०१४ साली हे सगळे एकदम जुळले, आणि एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सुरुवात झाली ती मार्चच्या मध्यापर्यंत थांबली नाही. राज्यातल्या २८ जिल्ह्यांना तडाखा बसला, बीडही त्यात होते. एरवी गारपीट म्हणजे अर्ध्या तासाचा खेळ. एका शिवाराचे वाटोळे होते आणि पलीकडचे शिवार कोरडे राहते, कारण एका ढगाचा पट्टा जेमतेम काही किलोमीटर रुंद असतो. त्या वर्षी मात्र ढगांमागून ढग येत राहिले. शेतात पांढरा खच पडल्याची छायाचित्रे छापून आली आणि मराठवाड्याचे काश्मीर झाले, अशी वाक्ये लिहिली गेली. मला ती उपमा तेव्हाही आवडली नाही. त्याच मार्चमध्ये खऱ्या काश्मीरमध्येही जबर बर्फ पडून माणसे दगावली होती. मोसम एकच होता, पश्चिमेकडची वादळेही तीच. लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागलेली असतानाच राज्य सरकारला ४,००० कोटी रुपयांच्या मदतीची घोषणा करावी लागली, यावरून नुकसानीची कल्पना यावी.

पुढच्याच वर्षी, २८ फेब्रुवारी आणि १ मार्च २०१५ ला अवकाळी पावसाने देशाचा मोठा भाग झोडपला. मुंबईकरांनीही छत्र्या काढल्या. मग ११ फेब्रुवारी २०१८ चा रविवार. सकाळी जालना-बीडकडे गारा कोसळल्या आणि त्याच दोन-तीन दिवसांत हिमाचल-काश्मीरच्या उंच भागात बर्फ पडत होता. एकच वादळ. त्याच्या डोक्याखाली हिमालय होता आणि शेपटीखाली आपण.

फरक आहे तो फळात. डोंगरावर पडलेला बर्फ ही ठेव असते. दहा सेंटिमीटर ताजा बर्फ वितळला तर ढोबळमानाने एक सेंटिमीटर पाणी निघते, आणि ते पाणी एप्रिल-मेमध्ये सतलज, बियास, चिनाब या नद्यांना मिळते. भाक्रा धरणाला त्याचा आधार. पंजाब-हरियाणातल्या गव्हाला हिवाळ्यातला पाऊस म्हणजे फुकटचे पाणी. आमच्या सिंदफणेच्या उगमाला बर्फ नाही. तिला जे काय मिळायचे ते जून ते ऑक्टोबर. ती पुढे माजलगावचे धरण भरून गोदावरीला मिळते, आणि गोदावरीही त्र्यंबकेश्वरच्या डोंगरातून पावसावरच निघालेली. फेब्रुवारीत पडलेल्या इंच-दीड इंच पावसाने विहिरीला पाझर फुटत नाही. फुटला तरी पिकाला उपयोग नाही, कारण पीक तोवर पाण्याची वेळ ओलांडून गेलेले असते.

रब्बीची ज्वारी हे मोठे शहाणे पीक आहे. पावसाळ्याच्या शेवटी काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर ती वाढते आणि वरून थेंब न पडता कणीस भरते. डिसेंबरात एखादा मावठा झाला तर ती खुशीत पिते. पण दाणा भरल्यावर पाऊस झाला तर ज्वारी काळी पडते आणि भाव पडतो. वारा सोबत असला तर उभे पीक लोळते. कडबा भिजून कुजला तर उन्हाळ्यात जनावरांपुढे टाकायला काही उरत नाही, आणि आमच्याकडे कडब्याचा हिशोब दाण्याइतकाच चोख ठेवतात. हरभऱ्याचे घाटे गारेने फुटतात. कांद्याची पात मोडली की आत पाणी शिरते आणि तो चाळीत सडतो. आंब्याचा मोहोर आणि डाळिंबाची कळी यांच्याविषयी तर बोलायलाच नको. मेंढ्या उघड्यावर असतात. वाड्याला छप्पर नसते, आणि मोठ्या गारांनी कोकरे जागीच मरतात.

यात शिरूर तालुक्याची एक खास अडचण आहे. रायमोहा, तिंतरवणी, मानूर या भागांतून दिवाळी सरता सरता ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. फेब्रुवारीत कर्ती माणसे पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर असतात. गावी म्हातारी माणसे आणि शाळेची पोरे. वादळाचा पट्टा तीन-चारशे किलोमीटर लांब असतो, त्यामुळे अनेकदा एकच वादळ त्या कुटुंबाला दोन ठिकाणी गाठते. गावाकडे ज्वारी झोपते आणि फडावर पाचटाच्या कोपीत पाणी शिरते. उसाच्या फडात चिखल झाला की तोड बंद, गाड्या बंद. मजुरी टनावर असल्याने तोड नाही तर पैसा नाही, आणि मुकादमाची उचल मात्र अंगावर तशीच.

नुकसानीचा कागद करतानाही हेच आडवे येते. २०१६ साली पंतप्रधान पीक विमा योजना आली तेव्हा गारपीट ही स्थानिक आपत्ती धरली गेली आणि नुकसान ४८ तासांत कळवायचे, असा नियम होता. ज्याच्या नावावर सातबारा तो दोनशे किलोमीटरवर कोयता चालवतोय, घरी मोबाईलवर अर्ज भरता येणारे कोणी नाही, अशा घरांचे ४८ तास कसे जात असतील याचा विचार नियम करणाऱ्यांनी केला होता असे मला वाटत नाही. आणखी एक विसंगती आहे. केंद्राच्या आपत्तींच्या यादीत गारपीट आहे, हिमस्खलनही आहे. नुसता अवकाळी पाऊस नाही. आता वर आपण पाहिलेच की गार वाटेत वितळली तर तिचाच पाऊस होतो. म्हणजे ढग तोच, पण गार शाबूत पोहोचली तर आपत्ती आणि वितळून आली तर नाही! राज्याने आपल्या यादीत अवकाळीला जागा दिली म्हणून निभावते.

पूर्वसूचनेचे काय? पुण्यात शिवाजीनगरला हवामान खात्याची जुनी दगडी इमारत आहे. तिला आजही लोक सिमला ऑफिस म्हणतात, कारण खात्याचे मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून तिथे आले. त्या काळी आकाशाचा अंदाज तारेने येणाऱ्या नोंदींवर बांधत. आता उपग्रह आहेत, संगणक आहेत, त्यामुळे पश्चिमेचे वादळ इराणवर असतानाच दिसते आणि आपल्याला तीन-चार दिवसांची सवड मिळू शकते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. त्यात पिवळा किंवा नारिंगी इशारा आणि 'गारपिटीची शक्यता' असे शब्द दिसले तर ते आपल्या गावाचे भविष्य समजू नका, पण थट्टाही समजू नका. जिल्ह्यात कुठेतरी पडणार एवढे सांगता येते. नेमक्या कोणत्या शिवारात, हे ढग उभा राहिल्यावरच कळते. विजेसाठी पुण्याच्याच उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने 'दामिनी' नावाचे अ‍ॅप काढले आहे. रानात काम करणाऱ्या घरातल्या एकाच्या तरी फोनवर ते असू द्यावे, कारण या ढगांतली वीज गारांच्या आधी येते आणि माणसे झाडाखाली आसऱ्याला जातात.

अलीकडच्या अभ्यासांत असे दिसते आहे की ही पश्चिमी वादळे आपला हंगाम लांबवीत चालली आहेत, उन्हाळा लागला तरी त्यांचे येणे थांबत नाही. तेव्हा हा प्रश्न बाजारात पुढेही विचारला जाणार.

तो विचारणारा लगेच पुढचा प्रश्न करतो, "मग ज्वारी काढून घेऊ का?" यावर माझे उत्तर ठरलेले आहे. कणसातला दाणा काढून त्याचे बूड पाहा. तिथे बारीक काळा ठिपका दिसत असेल तर दाणा भरून झाला, रानात ठेवून तो आणखी वजन धरणार नाही. ठिपका नसेल तर घाई करू नका, पोचट दाणा घरात येईल. आणि काढायचीच असेल तर तेवढीच काढा, जेवढी त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत पेंढ्या बांधून, कणसे वेगळी करून ताडपत्रीखाली जाईल. उभी ज्वारी भिजली तर वाऱ्याने निदान वाळते. आडवी पडलेली भिजली की दोन दिवसांत तिला कोंब फुटतात.